ड्रेमेलसारखं हातातलं रोटरी टूल वापरून घरी कार्व्हिंग डुप्लिकेटर बनवता येईल का? ड्रॉवरचे चॅनल चालतील का?

बनवता येतो. कार्व्हिंग डुप्लिकेटर म्हणजे एका नमुन्यावरून तसंच दुसरं नग कोरणारं यंत्र. पण त्याला ड्रॉवरचे चॅनल नकोच. ते बाजूला हलतात आणि तो हलका झोलसुद्धा लाकडात उतरतो. १६ मिमीचा शाफ्ट आणि त्यावर सरळ सरकणारी लिनिअर बेअरिंग घ्या.

आमच्याकडे एका जुन्या वाड्याचं काम आलं होतं. सुरूच्या घाटाचे खांब शाबूत होते, पण महिरपींची काही केळफुलं, म्हणजे केळफुलाच्या आकाराची लाकडी लटकणं, वाळवीनं खाल्लेली. धड राहिलेल्या एकावरून बाकीची करायची होती. ज्यांच्या हाताखाली मी पटाशी धरायला शिकलो ते काका म्हणाले, "यंत्रानंच करायची तर फायबरची लाव की!" ते मला फार लागलं.

केळफूल सगळीकडून गोल, म्हणून नमुना आणि सागाचा ठोकळा मी एकाच रेषेत लावले. मध्ये लोखंडी तबकडी, तिच्या दोन बाजूंना दोघे स्क्रूनं आवळलेले, बाहेरची टोकं सेंटरच्या अणीवर टेकलेली. एक फिरवला की दुसरा तेवढाच फिरतो. त्यांना समांतर शाफ्ट आणि त्यावर सरकणारी, वरखाली झुलणारी चौकट. चौकटीत एकीकडे नमुन्यावरून फिरणारी कांडी, दुसरीकडे टूल, नाकाशी आणि मागे असं दोन ठिकाणी पकडलेलं. याच तत्त्वावर अमेरिकेत टॉमस ब्लँचर्डनं १८१९ मध्ये बंदुकीचे दस्ते कोरणारं लेथ केलं होतं.

नमुन्यावरचा ऑइलपेंट आधी काढा. आमच्या केळफुलावर इतके थर होते की पाकळ्यांमधल्या खाचा बुजल्या होत्या. कांडीला रंग आणि लाकूड यांतला फरक कळत नाही.

कांडीचं टोक टूलमधल्या कापणाऱ्या बिटच्याच आकाराचं आणि मापाचं हवं. पहिल्या फेरीला मात्र बिटपेक्षा २ मिमीनं जास्त जाड गोल टोक लावा, म्हणजे सगळीकडे १ मिमी लाकूड शिल्लक राहतं. मग मापाची कांडी लावून हलक्या हातानं शेवटची फेरी. चौकटीला मागून वजन बांधा, नाहीतर नमुन्यावर वळ उठतात.

बिटपेक्षा अरुंद खाचेत यंत्र शिरत नाही. प्रत्येक पाकळीची धार मी पटाशीनंच काढली. काकांच्या पेटीत पत्र्याचे फर्मे असायचे, त्यांनी आखूनच ते कोरायचे. फर्मा चालतो, मग डुप्लिकेटर का नाही? लाकूड कमी करण्यात खांदे झिजवायचे आणि नक्षीची वेळ आली की हात थरथरायचा, याला मी कारागिरी मानत नाही. तुमच्याही घरी कोणी असं म्हणत असेल तर खुशाल ऐकून घ्या आणि यंत्र बनवा.

खर्च तुमच्या गावच्या फॅब्रिकेटरवर अवलंबून. सागाची धूळ छातीत बसते, मास्क आणि चष्मा लावाच. आणि समोरासमोरच्या मोरांची जोडी करायचा विचार असेल तर ही मांडणी उपयोगाची नाही, दोन्ही मोर एकाच दिशेला बघतील.