पिवळा चौकोन पुसट झालाय? आरशाला हात लावण्याआधी वाचा

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा याशिका इलेक्ट्रो ३५ हा जुना फिल्म कॅमेरा मालवणच्या घरी माळ्यावर सापडला, व्ह्यूफाइंडरमधला फोकस जुळवायचा पिवळा चौकोन जेमतेम दिसतो, आणि वरचं कव्हर काढून आतला तिरका आरसा स्पिरिटनं पुसायचा विचार आहे. कृपा करून थांबा. वेंगुर्ल्याच्या आमच्या घरचा कॅमेरा नेमका याच पुसण्यानं गेला, आणि पुसला तो दुरुस्तीवाल्यांनीच.

तो आरसा म्हणजे अर्धपारदर्शक लेप दिलेली काच. समोरचं दृश्य तिच्यातून आरपार दिसतं आणि बाजूच्या छोट्या खिडकीतली दुसरी प्रतिमा तिच्यावरून परतून डोळ्यात येते. ही दुसरी प्रतिमा दिसते तोच पिवळा चौकोन, आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस जुळला. इतका जुना लेप कापसाच्या एका बोळ्यासरशी निघून येऊ शकतो.

शहरातल्या त्या दुकानात आम्ही कॅमेरा मृगाच्या तोंडावर दिला. पावसाळाभर फोन केला की "पार्ट येतोय" एवढंच. परत मिळाला तेव्हा आरसा लख्ख आणि चौकोन पार गायब! वर चामड्याच्या केसमध्ये कोंडून ठेवल्यामुळे लेन्सच्या आत बुरशीचे तंतू. जाब विचारला तर "जुना माल आहे, असंच असतं". पावतीवर नुसतं "सर्व्हिसिंग" लिहिलेलं, त्यामुळे भांडायला हातात काही नव्हतं. मला त्याचा अजून संताप येतो. म्हणून दुकानात द्यायची वेळ आलीच तर आधी आयपीसला (डोळा लावायच्या मागच्या काचेला) मोबाइल लावून चौकोनाचा फोटो काढा, लेन्समधून टॉर्च मारून दुसरा काढा, आणि पावतीवर "आरसा पुसू नये" असं लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याच्याकडे कॅमेरा ठेवू नका.

घरी करायचं तर कव्हर काढण्याबद्दल सांगत बसत नाही, ते तुम्हाला जमेल. फक्त स्क्रू जपानी खाचेचे आहेत, साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरनं डोकी झिजतात. हॉट शू (वर फ्लॅश बसवायची, वीजजोड असलेली खाच) असलेलं मॉडेल असेल तर कव्हरला तार जोडलेली असते, झटक्यानं उचलू नका. मग आधी पुढच्या खिडक्या आणि आयपीसच्या काचा आतून-बाहेरून पुसा. पुष्कळदा धुरकटपणा तिथलाच असतो. आरशावर हातानं दाबायच्या रबरी फुग्याची हवा, बस्स. तरीही पुसट राहिला तर पुढच्या मोठ्या खिडकीवर, चौकोनाच्या जागी, काळ्या टेपचा इवलासा तुकडा लावून पाहा. तेवढ्या भागातला थेट उजेड अडतो आणि दुसरी प्रतिमा उठून दिसते. देखणं नाही, पण काम होतं.

दोन प्रतिमा नीट एकमेकींवर बसत नसतील तर त्यांच्या जुळवणीला आपला किनारा फार सोयीचा. प्रतिमा वर-खाली सरकली असेल तर समुद्राच्या क्षितिजाची रेघ धरा. डावी-उजवीकडची चूक मात्र क्षितिजावर कळत नाही, तिला उभी रेघ लागते: लांबचा मोबाइल टॉवर किंवा नांगरलेल्या होडीची डोलकाठी. लेन्स अनंतावर (∞ या सर्वांत लांबच्या खुणेवर) ठेवून जुळवणीचा स्क्रू केसभर फिरवा, मग ०.८ मीटरवरही तपासा. दोन्ही टोकं जुळेपर्यंत कव्हर बसवू नका.

मी मेकॅनिक नाही, हे सगळं घरगुती अनुभवावरचं आहे. मूळ ५.६ व्होल्टची मर्क्युरी बॅटरी आता मिळत नाही, पण ४एलआर४४ ही ६ व्होल्टची बॅटरी ॲडाप्टर घालून चालते.

माझं ठाम मत: आषाढ-श्रावणात कॅमेरा उघडूच नका, दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की बसा. तोवर चामड्याची केस वेगळी काढा, तिथेच बुरशी पोसते. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. तांदळात ठेवायचा सल्ला कुणी देईल, पण तांदळाची पूड आत जाते.

आणखी एक, हे आजच करता येईल. फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढताना आतून "ठक्" असा आवाज यायला हवा. येत नसेल तर आतली रबराची चकती विरघळलेली असते, एक्स्पोजर बिघडतं, आणि त्यासाठी नुसतं वरचं कव्हर काढून भागत नाही. तसं असेल तर आरशाचं काम त्याच वेळी करा, कॅमेरा दोनदा उघडू नका. आवाज येतो का, तेवढं कळवा, मग पुढचं सांगतो.