पाच वर्षे नेमकी कोणत्या तारखेपासून?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका लेखकांचे पत्र आले आहे. सहकारी साखर कारखाना, त्याचा चेअरमन आणि त्याच्या तालावर चालणारे तालुक्याचे राजकारण यांवरची त्यांची उपहासात्मक कादंबरी पुण्याच्या एका प्रकाशकाने 2018 साली काढली. आता ती क्रमशः पॉडकास्टच्या रूपात आणण्याचे त्यांनी ठरवले असून तीन भाग प्रसारितही झाले आहेत. प्रकाशकाच्या वकिलाची नोटीस येऊन सात आठवडे उलटले आहेत; तिला उत्तर दिलेले नाही. एवढे सगळे सांगून झाल्यावर त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र असा आहे की, कथेतला चेअरमन म्हणजे आपणच, असे एखाद्या पुढाऱ्याने धरले तर काय होईल?

गेल्या काही महिन्यांत अशा आशयाची बरीच पत्रे आली. प्रत्येकाला पुढाऱ्याची धास्ती आहे आणि स्वतःच्या सहीचा करारनामा पुन्हा वाचण्याची निकड कोणालाच वाटलेली नाही. पुढाऱ्याकडे नंतर वळू. तुमच्या बाबतीत तो प्रश्न उद्भवण्याआधीच पॉडकास्ट बंद पडण्याची शक्यता आहे, आणि ती पुढाऱ्यामुळे नाही.

तुम्ही पाठवलेल्या करारनाम्याच्या प्रतीवर 4 जून 2018 ही तारीख आहे. कलम 7 मध्ये मुद्रित, ई-पुस्तक, ध्वनी आणि दृक्श्राव्य अशा सर्व माध्यमांतील हक्क तुम्ही प्रकाशकाकडे सोपवले आहेत. ध्वनी हा शब्द तिथे स्पष्ट आहे, त्यामुळे पॉडकास्टचा हक्क आपण दिलाच नव्हता, हे म्हणणे टिकणार नाही. पुस्तकाच्या आतल्या पानावर कॉपीराइट म्हणून तुमचे नाव छापले आहे, हा आधारही येथे उपयोगाचा नाही; मालकी लेखकाकडे ठेवून वापराचे सर्व हक्क दुसऱ्याला देता येतात आणि तुम्ही तेच केले आहे. मात्र हे हक्क किती काळासाठी दिले, याविषयी संपूर्ण करारनाम्यात एक अक्षर नाही, आणि तुमच्या बाजूने जे काही आहे ते याच मौनात आहे. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 19 चे पोटकलम (5) सांगते की हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल तर ती हस्तांतरणाच्या तारखेपासून पाच वर्षे मानली जाईल. प्रकाशक म्हणेल की हे हस्तांतरण नव्हते, केवळ परवाना, म्हणजे वापराची परवानगी, होती; तसे म्हटल्याने त्याचा फायदा होत नाही, कारण कलम 30अ नुसार कलम 19 च्या तरतुदी योग्य त्या फेरफारांसह परवान्यांनाही लागू होतात. म्हणजे केवळ या करारनाम्यावर बोलायचे तर जून 2023 मध्ये सर्व हक्क, ध्वनीसह, तुमच्याकडे परत आले.

एका वर्षात हक्क वापरला नाही तर तो लोपतो, अशी कलम 19 च्याच पोटकलम (4) मधली तरतूद तुम्हाला कोणीतरी सांगितलेली दिसते. ती खरी आहे, पण करारात वेगळे ठरले नसेल तरच लागू होते. आणि तुमच्या करारनाम्याच्या कलम 9 मध्ये हक्क न वापरल्याने तो संपुष्टात येणार नाही असे स्वच्छ लिहिले आहे. तेव्हा ती वाट बंद आहे. कराराच्या वेळी अस्तित्वात नसलेल्या किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाला जुने हस्तांतरण लागू होत नाही, ही 2012 च्या दुरुस्तीने कलम 18 मध्ये आलेली तरतूदही तुमच्या कामाची नाही. 2018 साली पॉडकास्ट ही नवलाईची गोष्ट राहिलेली नव्हती.

आता मुख्य अडचण. पत्राच्या तिसऱ्या पानावर, जाता जाता सांगावे तसे, तुम्ही लिहिले आहे की ऑगस्ट 2021 मध्ये दुसरी आवृत्ती निघताना प्रकाशकाच्या माणसाने घरी येऊन एका कागदावर सही घेतली आणि त्याची प्रत तुमच्याकडे नाही. त्यात काय होते हे आठवत नाही, बहुधा रॉयल्टीचे असावे, असेही तुम्ही म्हणता. कारखान्याच्या वार्षिक सभेत न वाचता मंजूर होणाऱ्या ठरावांवर ज्यांनी अख्खे प्रकरण लिहिले, त्यांनी स्वतःच्या कादंबरीविषयीचा कागद न वाचता सही करून द्यावा, याला काय म्हणावे! हस्तांतरण लेखी असावे आणि त्यावर हक्क देणाऱ्याची किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीची सही असावी, एवढीच कलम 19 च्या पोटकलम (1) ची अपेक्षा आहे. त्यासाठी मोठा दस्तऐवज लागत नाही. तुमच्या सहीचे एक पान पुरते.

त्या पानावर काय आहे, यावर सर्व काही ठरेल. त्यात फक्त रॉयल्टीचा दर आणि प्रतींची संख्या असेल, तर पाच वर्षे 2018 पासून मोजली जातील आणि पॉडकास्ट तुमचा आहे. मूळ करारातील हक्क पुढेही प्रकाशकाकडे राहतील असे मोघम वाक्य असेल, तर ते नवे हस्तांतरण आहे आणि पाच वर्षे ऑगस्ट 2021 पासून, म्हणजे ऑगस्ट 2026 पर्यंत, मोजावीत असा युक्तिवाद प्रकाशक करील. तो मान्य होईलच असे नाही, पण हास्यास्पदही नाही. कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी असे शब्द असतील, तर मुदत लिहिली गेली, पोटकलम (5) चा आधार गेला, आणि लेखकाचे आयुष्य व त्यानंतरची साठ वर्षे एवढ्या काळासाठी तुम्ही ध्वनिहक्क देऊन बसला आहात. मग प्रकाशकाशी तडजोड करण्यावाचून फारसे काही उरणार नाही. 2023 नंतरही तुम्ही रॉयल्टी घेत राहिलात, हा मुद्दा प्रकाशक उपस्थित करील. छापील पुस्तकापुरता त्याला काही अर्थ असू शकेल. ध्वनिहक्क केवळ अशा वर्तनाने हस्तांतरित झाला, असे मला वाटत नाही.

म्हणून या आठवड्यातच नोटिशीला वकिलामार्फत उत्तर द्या. त्यात 2018 च्या करारात मुदत नसल्याने तो जून 2023 मध्ये संपला ही तुमची भूमिका मांडा, ऑगस्ट 2021 च्या कागदाची प्रत पंधरा दिवसांत मागा, आणि प्रत न दिल्यास असा कागद अस्तित्वातच नाही असे समजून पुढे जाऊ, असे नमूद करा. उत्तर पोच मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टाने आणि ई-मेलने, दोन्ही प्रकारे पाठवा. त्या कागदावर रॉयल्टीच होती, असे स्वतःहून लिहू नका. आठवत नसलेली गोष्ट लेखी कबूल करणे हा एका चुकीवर चढवलेला दुसरा मजला ठरेल. प्रकाशकाच्या व्यवस्थापकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला ‘हरकत दिसत नाही, बोलू’ हा संदेश जपून ठेवा आणि तो फोन विकू नका. 2012 नंतर परवाना लेखी असला की पुरे, त्यावर सही लागतेच असे नाही, त्यामुळे त्या संदेशाला थोडे वजन आहे. पण ‘बोलू’ या शब्दाने ते बरेच कमी केले आहे, आणि व्यवस्थापकाला परवाना देण्याचा अधिकार होता का, हा प्रश्न राहतोच.

प्रत हाती येईपर्यंत चौथा भाग प्रसारित करू नका. सात आठवड्यांच्या तुमच्या मौनाचा परिणाम असा झाला आहे की प्रकाशकाचा दावा आपल्याला माहीत नव्हता, असे आता म्हणता येणार नाही. आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी कलम 63 मध्ये सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. ते टोक तुमच्यावर येईल असे मला वाटत नाही, कारण हक्काबद्दल प्रामाणिक वाद आहे. व्यवहारातला धोका वेगळा आहे. प्रकाशकाला न्यायालयात जाण्याची गरजच पडणार नाही. तो पॉडकास्टच्या मंचाकडे लेखी तक्रार करील. अशा मध्यस्थांबाबत 2013 च्या कॉपीराइट नियमांत छत्तीस तासांत मजकूर थांबवण्याची आणि एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश न आल्यास तो पुन्हा खुला करता येण्याची व्यवस्था आहे. मंच स्वतःच्या नियमांनुसार याहून कडकही वागतात. दर आठवड्याला येणाऱ्या मालिकेत तीन आठवड्यांचा खंड पडला की श्रोता निघून जातो, आणि त्याची भरपाई कोणतेही न्यायालय देत नाही.

आपणच आधी दावा लावावा का, असेही तुम्ही विचारले आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 62 मुळे वादी जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात उल्लंघनाचा दावा लावता येतो, म्हणजे तुमच्या बाबतीत कोल्हापूरच्या कसबा बावड्यातील न्यायालयात; करारातील ‘फक्त पुणे न्यायालय’ ही अट त्यात कितपत आड येईल, हे खात्रीने सांगता येणार नाही. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर अशा व्यापारी स्वरूपाच्या दाव्याआधी मध्यस्थीची पायरी चढावी लागते. ऑगस्ट 2025 मध्ये उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यापासून अनेक पक्षकारांचा समज झाला आहे की आता सगळे झटपट होईल. मुंबईची खेप वाचली, हे खरे. खालच्या न्यायालयातल्या तारखा तेवढ्याच लांब आहेत, आणि तुमचा दावा तिथूनच सुरू व्हायचा आहे. कागदाची प्रत पाहिल्याशिवाय दावा लावू नये, असे माझे मत आहे.

आता पुढारी. पुस्तकाविरुद्ध दिवाणी दाव्याची एक वर्षाची मुदत केव्हाच संपली, म्हणून निर्धास्त राहू नका. पॉडकास्ट हे नवे प्रकाशन धरले जाण्याचीच शक्यता अधिक आहे आणि मुदत नव्याने सुरू होईल. फौजदारी बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. त्याच्या तिसऱ्या स्पष्टीकरणानुसार उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, त्यामुळे ‘हा तर विनोद आहे’ एवढे उत्तर पुरत नाही. सार्वजनिक प्रश्नांवरील वर्तनाविषयी सद्भावनेने व्यक्त केलेल्या मतासाठी अपवाद आहेत, आणि नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, तक्रारीची दखल घेण्याआधी आरोपीचे म्हणणे ऐकण्याची तरतूद आली आहे, ही थोडी जमेची बाजू. शेवटी प्रश्न ओळख पटण्याचा असतो, आणि छापील पानापेक्षा आवाजात ती लवकर पटते. तुमच्या दुसऱ्या भागात चेअरमनचे संवाद बोलणाऱ्या नटाने जिल्ह्यातल्या एका नेत्याची नक्कल केली आहे, हे ऐकणाऱ्या कोणालाही कळेल. पात्रे काल्पनिक असल्याचे निवेदन सुरुवातीला वाचून त्यानंतर अशी नक्कल ऐकवणे म्हणजे ते निवेदन स्वतःच खोडणे आहे. तो भाग काढून घ्या आणि साध्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित करा. त्या वेळी तिन्ही नटांकडून कलावंत म्हणून त्यांच्या हक्कांबाबतची लेखी संमतीही घ्या. आतापर्यंत ती घेतलेली नाही, असे तुमच्याच पत्रावरून दिसते.