टेकडीआडचं ग्रीन : नेम की मटका?

प्रश्न : भाचा पुण्यात असतो, त्याला गोल्फचं वेड लागलंय. परवा सोलापूरला आला तेव्हा मोबाईलवर आयर्लंडमधलं एक होल (गोल्फच्या मैदानाचा एक टप्पा) दाखवलं, समोर नुसती गवताची टेकडी, ग्रीन (बॉल ज्या भोकात घालायचा त्याभोवतीची हिरवळ) दिसत नाही की झेंडा दिसत नाही, आणि लोक पैसे भरून तिथं खेळायला जातात म्हणे. मी म्हटलं हा खेळ नाही मटका आहे, तर भांडायलाच उठला. खरं काय? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : काका, मी भाच्याच्या बाजूनं, रागावू नका. ते बहुतेक तिथल्या लाहिंच कोर्सवरचं 'डेल' नावाचं होल असणार, पार थ्री, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचं, दीडशे यार्डांच्या आसपास. ओल्ड टॉम मॉरिस या जुन्या स्कॉटिश गोल्फपटूनं 1894 साली तो कोर्स आखला तेव्हा बुलडोझर कुठले, वाळूच्या दोन टेकड्यांमध्ये सपाट जागा मिळाली, केलं तिथंच ग्रीन. मटका म्हणाल तर तसं नाही, पुढच्या टेकडीवर एक पांढरा दगड असतो आणि झेंड्याची जागा बदलली की तो दगडही सरकवतात, म्हणजे दिशा कळते, अंतर माहीत असतं, काढून घेतलेलं असतं ते फक्त डोळ्यांचं काम. बॉल दगडावरून गेला की खाली काय झालं ते टेकडी ओलांडल्याशिवाय कळत नाही, कधी भलतीकडे गेलेला बॉल उतारावरनं घरंगळत ग्रीनवर येऊन बसलेला असतो आणि झकास वाटलेला शॉट गवतात. दहावीचा निकाल शाळेच्या फळ्यावर लागायचा तेव्हा सायकल मारत जाताना पोटात जो गोळा यायचा ना, तोच. आता निकाल मोबाईलवर येतो, काय मजा त्यात!

बरं, आंधळा शॉट सगळीकडे चालतो असं माझं म्हणणं नाही. पार फोरला, म्हणजे चार फटक्यांच्या होलला, दुसरा फटका असा आला तर मला पटत नाही, आधीच्या शॉटनं तुम्ही कुठं पडलाय, बॉल चढावर आहे की खड्ड्यात, त्यात समोरचं दिसेना. पार थ्रीला मात्र सगळे एकाच टीवरनं, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरनं, मारतात, बॉल छोट्या खुंटीवर नीट ठेवलेला, जे दिसत नाही ते कुणालाच दिसत नाही. आणि पहिल्या वेळची धाकधूक दहाव्या वेळी उरत नाही असं म्हणणारे आहेत, ते थोडं खरंय, पण वारा रोज तोच नसतो हो, समुद्रकाठचा कोर्स आहे. पुढे अमेरिकेतला ऑगस्टा नॅशनल कोर्स आखणाऱ्या मॅकेंझीनं 1927 मध्ये लाहिंच बरंचसं नव्यानं मांडलं, डेल मात्र राहिलं.

स्कॉटलंडात प्रेस्टविकलाही असंच एक पार थ्री आहे, पाचवं होल, दोनशे यार्डांच्या वर, आणि नाव काय तर 'हिमालया', आपला हिमालय तिथं वाळूच्या ढिगाला! 1860 ची पहिली ओपन, म्हणजे ब्रिटिश ओपन स्पर्धा, याच प्रेस्टविकला झाली. धोका एकच, पलीकडे ग्रीनवर माणसं असतील तर मारणाऱ्याला दिसत नाहीत, म्हणून खेळून झालं की घंटा वाजवायची, मग मागच्यांनी मारायचं. नव्या कोर्सवर असली होल्स फारशी कुणी बांधत नाही त्याचं मोठं कारण हेच, दुसरं म्हणजे आता मशीन लावून टेकडीच उडवता येते.