सीडी सिग्नल गेला म्हणजे क्लस्टर गेला, असं नाही

प्रश्न थोडक्यात असा: एयू३८ क्लस्टर (३८ सोन्याच्या अणूंचा पुंजका, ज्यावर फिनाइलइथेनथायोलचे लिगंड, म्हणजे बाहेरून चिकटलेले रेणू, असतात) याचा एकच एनॅन्शिओमर (आरशातल्या दोन रूपांपैकी एक) वेगळा केला आणि टोल्यूनमध्ये ७० अंशांना तापवला. सीडी (डाव्या आणि उजव्या वर्तुळध्रुवित प्रकाशाच्या शोषणातला फरक) शून्यावर आला, यूव्ही-व्हिज (साध्या प्रकाशशोषणाचा वर्णपट) जसाच्या तसा, टीजीएमध्ये (तापवत वजन मोजण्याची चाचणी) तापमान बरंच वर जाईपर्यंत वजन हललं नाही. मग क्लस्टर टिकला का?

टिकला. गेलं ते त्याचं डावं-उजवेपण, म्हणजे कायरॅलिटी.

इथे लिगंड स्वतः कायरल नाही. २३ अणूंच्या गाभ्याभोवती उरलेले १५ सोन्याचे अणू सहा लांब आणि तीन आखूड स्टेपलमध्ये (गाभ्यावर बसलेल्या सोनं-गंधकाच्या साखळ्या) असतात. लांब स्टेपल दोन्ही टोकांना तीन-तीन, पंख्याच्या पात्यांसारखे एका बाजूला कललेले. हा कल उलटला की दुसरा एनॅन्शिओमर तयार. त्याला साधारण २८ किलोकॅलरी प्रति मोल लागतात. सोनं-गंधक बंध पूर्ण तोडायला याहून बरंच जास्त. त्यामुळे ४० ते ८० अंशांतच रेसिमायझेशन (दोन्ही एनॅन्शिओमर समसमान होणं) होतं आणि गाभ्याला धक्का लागत नाही.

टीजीए सुक्या घन नमुन्यातून लिगंड कधी उडतो तेवढंच सांगतं. कायरॅलिटीबद्दल ते मुकं आहे. एक उपयोग मात्र जरूर करा: लिगंड पूर्ण गेल्यावर घट ३०.६ टक्के यायला हवी. जास्त आली तर द्रावक किंवा मोकळा थायोल राहिलाय. तापवताना हा मोकळा थायोल लिगंड बदलतो, गाभा कुरतडतो, आणि मग दोन प्रक्रिया एकात मिसळतात.

नुसते मिलिडिग्री बघू नका, जी-फॅक्टर (एकूण शोषणाच्या तुलनेत सीडी किती) काढा: सीडी (मिलिडिग्री) भागिले (३२,९८० गुणिले त्याच तरंगलांबीचा अ‍ॅब्झॉर्बन्स). टोल्यून उडून द्रावण घट्ट झालं तरी हा आकडा हलत नाही. जी घटतो आणि यूव्ही-व्हिजमधला ६२० नॅनोमीटरजवळचा पट्टा आकारासकट शाबूत राहतो, ते रेसिमायझेशन. पट्टाच बसत चालला, तर विघटन.

नमुना काढल्यावर लगेच बर्फात ठेवा. टोल्यून स्वतःच प्रकाश शोषून साधारण २८५ नॅनोमीटरखाली आंधळं करतं, म्हणून थंडच सुकवून डायक्लोरोमिथेनमध्ये घ्या. तापवायला मात्र ते नको, ४० अंशांना उकळतं. अ‍ॅब्झॉर्बन्स १ च्या आत ठेवा. तापमान हॉटप्लेटच्या पडद्यावरून नव्हे, कुपीच्या आत मोजा: ६० अंशांजवळ एका अंशाची चूक वेग १३ टक्क्यांनी बदलते, दहा अंशांनी जवळपास साडेतीन पट.

जीच्या लॉगचा वेळेशी आलेख सरळ आला तर उतार हा रेसिमायझेशनचा वेग. एका रूपातून दुसऱ्यात उलटण्याचा वेग त्याच्या निम्मा. बरेच जण हा दोनचा गुणक विसरतात. ऊर्जेच्या अडथळ्यात (वरचे २८ किलोकॅलरी) फरक अर्धा किलोकॅलरीसुद्धा पडत नाही, पण दुसऱ्याच्या वेगाशी तुलना चुकते.

लिगंड कायरल असेल तर शेवटी शून्याची वाट पाहू नका. तिथे दोन डायस्टिरिओमर (एकमेकांची आरशातली प्रतिमा नसलेली, ऊर्जेत वेगळी रूपं) असतात, समतोलाला एकाचं पारडं जड राहतं, म्हणून आलेख काढण्याआधी शेवटचा स्थिर जी वजा करावा लागतो.