दारू सोडायच्या आधी डॉक्टरांना भेट
"उद्यापासून बंद" म्हणतोयस, चांगलंच आहे. पण रोज भरपूर पिणाऱ्याने एकट्याने, एका झटक्यात दारू तोडू नये. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते, पुढच्या दोन-तीन दिवसांत भ्रमही होऊ शकतो. मीही पिणारच होतो; दारू उतरली की हात थरथरून माझ्या हातातला पाण्याचा ग्लास दातांवर खडखडायचा आणि मी त्याला अशक्तपणा म्हणायचो! म्हणून आधी डॉक्टर. त्यांना रोजचा आकडा खरा सांग. आपण सगळे अर्धाच सांगतो. हा आजार आहे, मेंदूला दारूची सवय जडलेली असते. नुसत्या मनोनिग्रहाच्या गप्पा मारणाऱ्यांना सोडून दे. तलफेची लाट बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरते, तेवढा वेळ कुणाला तरी फोन लाव. घसरलासच, तर तोंड लपवून बसू नकोस, त्याच दिवशी मला कळव.