नागपुरात बालीसारखा मोठ्या काचांचा, मोकळा व्हिला बांधला तर चालेल का?

अंगण आणि खोल व्हरांडा घ्या, पश्चिमेची काच मात्र विसरा. श्रीलंकेत आर्किटेक्ट जेफ्री बावांची घरं आरपार वाऱ्यावर चालतात, कारण बालीसारखीच तिथली हवा दमट. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास; दुपारी खिडकी उघडली की वारा नाही, भट्टीची झळ आत येते. म्हणजे दिवसा घट्ट बंद, रात्री सताड उघडं असं घर हवं. इटालियन मार्बलआधी छतावर खर्च करा. नागपूर 21 अंश उत्तरेला, नवतप्यात (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) दुपारचा सूर्य थेट डोक्यावर. स्लॅबवर इन्सुलेशन, त्यावर पांढरी चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या सिरॅमिक टाइल्सच्या तुकड्यांचा थर. आर्किटेक्ट नाक मुरडेल, पण वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरची जागा नकाशातच दाखवा; नाहीतर तो नंतर दर्शनी खिडकीत लटकतो.