मैदानावरचा हट्ट गल्ल्यावर नको

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: वय २४, विद्यापीठाच्या खो-खो संघातून दोन वर्षं खेळलात, आता हिंजवडीत २६ हजारांची नोकरी. संघातल्याच मित्राबरोबर सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला भाड्याच्या जागेवर बॉक्स क्रिकेटचं टर्फ, म्हणजे जाळीनं बंद केलेलं कृत्रिम गवताचं छोटं मैदान, टाकायचं डोक्यात आहे. खर्च १८ लाख, त्यातलं १२ लाख कर्ज. घरचे म्हणतात, खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून सरकारी नोकरीचं बघ. आणि मुख्य प्रश्न, खेळाडू असल्याचा धंद्यात फायदा होतो का?

होतो. पण सत्काराच्या भाषणात सांगतात तो नव्हे. ‘खेळाडू हार मानत नाही, म्हणून तो उत्तम उद्योजक होतो’ हे वाक्य मी शाल-श्रीफळासोबत निदान दहा वेळा ऐकलंय. त्या वाक्यानं मला सात लाखांना बुडवलं.

मीही खो-खोवालाच. २००३ ते २००६ कॉलेज आणि विद्यापीठ. पदवी झाल्यावर तीन वर्षं पेठेतल्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानात काउंटरला उभा राहिलो. २००९ मध्ये नऱ्हे भागात पत्र्याच्या शेडमध्ये एक ओव्हरलॉक आणि एक फ्लॅटलॉक मशीन टाकून जर्सी शिवायला लागलो. पुण्यात जर्सीला मरण नाही. सोसायट्यांच्या प्रीमियर लीग, कॉलेजांचे संघ, गणपती मंडळांचे टी-शर्ट, दर रविवारी कुठली ना कुठली दौड, आणि निवडणुका जवळ आल्या की प्रत्येक इच्छुकाचा एकेक ‘चषक’. पहिल्या सगळ्या ऑर्डरी मैदानावरच्या ओळखीतून आल्या. हा खेळाडू असल्याचा पहिला फायदा, आणि तो खरा आहे. फक्त त्याची मुदत लहान असते. ओळखीवर एकदा काम मिळतं. दुसऱ्यांदा आलं तर ते शिलाईमुळे.

तीन वर्षांत हातात थोडे पैसे खेळायला लागले तशी मला दुकानाची हौस आली. मोठ्या रस्त्यावर, काचेचं, आत माझ्या ट्रॉफ्या. भाडं २४ हजार, पोरगा आणि वीज मिळून ९ हजार. पहिला महिना मित्रांनीच गाजवला. नंतर शुकशुकाट.

सदाशिव पेठेत माझी आत्या खानावळ चालवायची. एकदा जेवायला गेलो तर ताट वाढताना म्हणाली, ‘‘तुझ्या दुकानाचे खाडे मोजतोस की नाही?’’ मेसमध्ये राहिलेल्यांना खाडा माहीत असतो, जेवायला न आलेला दिवस. आत्या ते खाडे कालनिर्णयच्या पानामागे लिहायची, दुधाच्या हिशेबाशेजारी. तिनं तिथेच गणित मांडलं. महिन्याचा खर्च ३३ हजार, म्हणजे रोजचा ११००. मालावर सुटतात शेकडा २५, म्हणजे रोज ४४०० ची विक्री झाली तर दुकान फुकट उघडलं असं समजायचं. त्याच्या खाली गेला तो दिवस खाडा. महिनाभर लिहून बघितलं. ३० पैकी २१ खाडे.

शहाण्या माणसानं तिथे शटर ओढलं असतं. मी त्यानंतर आठ महिने ते चालवलं. का, तर मैदान सोडायचं नसतं ना! लोक काय म्हणतील हे होतंच, पण त्याहून जास्त हे होतं की शेवटच्या मिनिटात सामना फिरताना मी स्वतः पाहिलाय, खेळलोय. मात्र खो-खोची एक पाळी नऊ मिनिटांची असते. पंचाची शिट्टी वाजते आणि हरलात तरी घरी जाता येतं. दुकानाला शिट्टी नसते. ती आपणच वाजवायची असते, आणि खेळाडूला नेमकं तेच कधी शिकवलेलं नसतं. एकूण २२ महिन्यांत फर्निचर आणि पडून राहिलेला माल धरून सात लाख गेले. मशीन वाचल्या, कारण शेड नऱ्ह्यातच ठेवली होती. ती हुशारी नव्हे, नशीब.

मग खेळातलं उपयोगी काय पडलं? मला विचाराल तर खो देणं. अवांतर वाटेल, पण ऐका. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की खांबापर्यंत त्याला मागे वळता येत नाही, मधली पाटी, म्हणजे बसलेल्यांची रांग, ओलांडता येत नाही. गडी पलीकडे गेला की तिकडे तोंड करून बसलेल्याला खो द्यायचा आणि आपण त्याच्या जागी बसायचं. कितीही वेग असला तरी जो वेळेवर खो देत नाही तो संघाला हरवतो. (या खेळाचे पहिले लेखी नियम १९१४ मध्ये डेक्कन जिमखान्यानं केले. आपल्याच गावात बसलेली घडी आहे.) मी धंद्यात सुरुवातीची पाच वर्षं एकटाच पळत होतो. कटिंग मी, डिलिव्हरी मी, वसुलीही मीच. वसुलीत तर मी पुरता गारद. समोर कुणी जुने सर किंवा सीनियर दिसला की ‘सर, बिलाचं नंतर बघू’ असं मीच म्हणायचो. एका चषकाच्या आयोजकांनी दीड वर्ष ‘दादांना सांगतो’ एवढंच सांगितलं. ते दादा मला आजवर भेटलेले नाहीत.

शेवटी वसुलीचा खो बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंना दिला. आठवड्यातून दोन दिवस येतात. त्यांना माझ्या खेळाचं काडीचं कौतुक नाही, आणि म्हणूनच पैसे येतात. कटिंग मास्तरांकडे दिलं. सब्लिमेशन प्रिंटिंग, म्हणजे उष्णतेनं कापडात रंग उतरवायची छपाई, आणलं तेव्हा तर जाणकाराशिवाय मशीनला हातच लावायचा नाही असं ठरवलं, कारण एकदा हीट प्रेसचं तापमान कमी ठेवून मी स्वतः ३०० लाल जर्सी विटकरी करून दाखवल्या होत्या. आणि पैशाचा आता नियम एकच, निम्मे आगाऊ. मंडळ असो, कॉलेज असो, सख्खा मित्र असो.

आता तुमचं टर्फ. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरच बोलतो. जागेचं भाडं ४५ हजार. वीज, राखणदार, किरकोळ दुरुस्ती मिळून ३० हजार धरलेत, ठीक. १२ लाखांच्या कर्जाला ११ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता २६ हजारांच्या आसपास बसतो. झाले १ लाख १ हजार. ताशी १००० रुपयांनी महिन्याला १०१ तास, म्हणजे रोज साडेतीन तासही नाही. हे पाहून तुम्ही खुश झालेले दिसता. पण यात तुम्हा दोघांचा पगार कुठेय? प्रत्येकी २० हजार धरा. तेही तुमच्या आजच्या पगाराहून कमी. आकडा १४१ तासांवर जातो, रोज पावणेपाच तास, बाराही महिने. आणि टर्फची मॅट काही वर्षांनी बदलावी लागते, त्याचे पैसे अजून बाजूला काढलेलेच नाहीत.

पुण्यात टर्फ चालतं सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सात नंतर. एप्रिल-मेच्या दुपारी तिथे कावळाही फिरकत नाही. पावसाळ्यात वर छप्पर नसेल तर बुकिंग रद्द होतात आणि पैसे परत मागितले जातात. रात्री दहानंतर शेजारच्या सोसायटीतून तक्रार येणार हे गृहीत धरा. षटकार गेल्यावर जो आरडाओरडा होतो तो तुम्हाला उत्साह वाटेल, दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना नाही. शिवाय तुमचे सगळे जुने सवंगडी ‘अरे आपलंच ग्राउंड’ म्हणत फुकट खेळायला येणार. पहिल्या दिवशी नाही म्हणायला जमलं नाही तर नंतर जमत नाही, हे मी दुकानावरून सांगतो.

म्हणून पैसे भरायच्या आधी एक काम करा. त्या भागातली दोन चालू टर्फ निवडा आणि १५ दिवस सकाळ-संध्याकाळ चहाच्या टपरीवर बसून किती तास खेळ चालतो ते लिहा. सोमवार ते गुरुवारचं वेगळं, शनिवार-रविवारचं वेगळं. आत्याची पद्धत. पावणेपाच तासांच्या खाली गेला तो दिवस खाडा. नऊ-दहा खाडे आले तर जागा बदला किंवा विचार बदला. १८ लाखांपुढे १५ दिवस काहीच नाहीत.

भागीदारीबद्दल. एकत्र खेळलो म्हणजे एकत्र धंदा जमेल असं नसतं. संघात कप्तान कोण हे ठरलेलं असतं, भागीदारीत ते कुणी बोलत नाही. भागीदारीपत्र लिहून फर्मची नोंदणी कराच. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या फर्मला करारातल्या हक्कासाठी, म्हणजे थकलेल्या पैशासाठीही, तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही. आणि पत्रात एक कलम सगळ्यात आधी लिहा: तोटा किती लाखांवर गेला की बंद करायचं. आत्ता, दोघं हसत असताना आकडा ठरतो. नंतर भांडणात ठरत नाही.

सरकारी नोकरीचं घरच्यांचं म्हणणं उडवून लावू नका. क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून होते, ती करून ठेवा. अर्ज करायचा की नाही ते नंतर ठरवा. कागद तयार असला म्हणजे डोकं शांत राहतं.

आणि नोकरी सोडायची घाई तर अजिबात नको. नाइकेवाल्या फिल नाइटची गोष्ट सगळे ‘झोकून द्या’ म्हणून सांगतात. तो ओरेगन विद्यापीठाचा मध्यम पल्ल्याचा धावपटू. १९६४ मध्ये आपला कोच बिल बॉवरमन याच्याबरोबर प्रत्येकी ५०० डॉलर घालून जपानी बूट विकायला लागला. पण त्यानंतर काही वर्षं तो हिशेबनीसाची नोकरी करत होता, पुढे कॉलेजात शिकवतही होता, आणि बूट फावल्या वेळात गाडीतून विकत होता. पूर्ण वेळ धंद्यात उतरला तो १९६९ मध्ये. झोकून देणारा माणूस पाच वर्षं पगार घेत होता, हे व्याख्यानात कुणी सांगत नाही. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की आधी दुसऱ्याचं टर्फ शनिवार-रविवार तासांवर ठोक भाड्यानं घ्या, कंपन्यांच्या संघांच्या स्पर्धा भरवा, आणि लोक तुमच्या नावावर पैसे देतात का ते बघा. यात बुडाले तरी काही हजार बुडतील.

१५ दिवसांची वही भरली की आकडे इथे टाका, मी बघतो. आणि टर्फ झालंच, तर उद्घाटनाच्या जर्सी माझ्याकडून. निम्मे आगाऊ.